जात्यासमोरची जागा

अमरावतीच्या एका महिलाश्रमात मी संध्याकाळी साक्षरतेचा वर्ग घेत असे. सुभद्राबाईची ओळख तिथली. पटकीच्या साथीत नवरा आणि मुलगी पाठोपाठ गेल्यावर ती आश्रमात आली आणि तिथलीच झाली. पुढे नव्या सेविकांना तीच शिकवू लागली. मोठा धक्का सोसून आलेल्या बाईजवळ कसं बसायचं, हे तिचं शिकवणं.

"काय झालं थे इचारायचं नाही," ती सांगे. "आधी झोप पाहा, भूक पाहा, केसांले तेल लागलं का पाहा. मन का आंगाच्या बाहेर राह्यते?"

१९५८ साली अकोटकडच्या एका खेड्यातून पंचफुलाला आणलं. आगीत घर गेलं होतं, दोन्ही लेकरं गेली होती. ती एक शब्द बोलत नव्हती. दिवाळीपर्यंत फरक पडला नाही तर तिला वेड्यांच्या इस्पितळात पाठवायचं, असं कमिटीनं ठरवलं.

सुभद्राबाईनं तिला जयवंता नावाच्या नव्या सेविकेच्या हाती दिलं आणि दोघींना जात्यावर समोरासमोर बसवलं. एकाच खुंट्यावर दोघींचे हात. दळताना नजर खाली असते, कुणाच्या तोंडाकडं पाहावं लागत नाही. पण जयवंता मायाळू. सगळा जोर आपणच लावी. पंचफुलाचा हात खुंट्याबरोबर नुसता फिरे.

"काहून वं, तिले पाळण्यात बसवलं काय तू?"

"मावशी, तिच्यात ताकदच नाही ना."

"तूच ओढून राहिली तर येईन कुठून? हात ढिला कर. जातं थांबलं तर थांबू दे."

जातं थांबलं. रोज थांबू लागलं. दिवाळी तोंडावर आली, जयवंता रडकुंडीला आली, पण हात तिनं ढिलाच ठेवला. मग एका सकाळी खुंटा पलीकडून ओढला गेला. पंचफुला पिठाकडं पाहत म्हणाली, "जाड पडून राहिलं."

जयवंता सगळ्यांना सांगायला धावत सुटणार, तोच दारातून सुभद्राबाईचा आवाज आला, "बस खाली! जाड पडते म्हणते ना थे? दाणे कमी टाक."

पंचफुलाला कुठं पाठवावं लागलं नाही.

थकल्यावर सुभद्राबाई अकोल्याला, भाच्याच्या घरामागच्या खोलीत राहायला गेली. सहासष्ट साली मी भेटायला गेले. कोपऱ्यात जातं होतं, वर धूळ. दळण गिरणीतून येई.

"जातं बंद केलं?"

"समोर कोण बसते, बाई?"

मी पदर खोचला आणि समोर बसले. तिनं डब्यातली ज्वारी काढली. नवऱ्याबद्दल, मुलीबद्दल ती कधी कुणाशी बोलली नव्हती. मला ते दुसऱ्यांकडून कळलेलं. मी हात ढिला ठेवला. जातं फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं. पीठ जाड पडत होतं. मी काही विचारलं नाही.

गाडीची वेळ झाली तसा मी हात काढला. तिचा खुंट्यावरच होता.