कॉफी भाजणाऱ्याचा नवस

पडदा वर सरकतो तेव्हा कानडी मुलखातल्या जयनगरच्या बाजाररस्त्यावर नुकतं उजाडलेलं आहे. साल बासष्ट. देवाप्पांच्या कॉफीच्या दुकानात भट्टीवरचं लोखंडी पिंप गरगरतंय आणि त्याचा दांडा फिरवत बसलेत खंडोजी अण्णा. डोक्याला पंचा, मिशा धुराने पिवळ्या.

भाजणीच्या प्रत्येक घाण्याची पहिली कॉफी अण्णांनी प्यायची, मान हलवायची, मगच माल विकायला काढायचा, असा दुकानाचा रिवाज. एवढं पिऊन घरीही पेला हातातून सुटायचा नाही. बायको जमनाबाई म्हणायची, "या घरात थोरली बायको कॉफी. मी धाकटी."

त्या अण्णांनी आषाढात कॉफी सोडली. लेक भाग्यलक्ष्मी बाळंतपणाला माहेरी आली होती. तिची आधीची दोन्ही बाळं अंगावर न पिताच गेली होती. अण्णांनी बनशंकरी देवीच्या देवळात जाऊन लिंबाच्या सालीत दिवा लावला आणि बोलून बसले: लेकीची सुटका होऊन बाळ रडेपर्यंत कॉफी घेणार नाही.

बोलणं सोपं. पण पोटाचा धंदाच कॉफीचा. दिवसभर बसायचं ते त्याच वासात. दुपार झाली की डोकं ठणकायचं, कपाळ दाबत बसायचे.

देवाप्पा काळजीत पडले. "अण्णा, आता भाजणी कोण ठरवणार?"

"तुम्ही प्या. मी तुमच्या तोंडाकडे बघून सांगतो."

आणि खरंच तसं चाललं. मालक घोट घ्यायचे, अण्णा त्यांच्या भुवया न्याहाळायचे. "कोवळी राहिली. अजून स्वल्प फिरवतो."

मग घात झाला. गिऱ्हाइकांच्या गर्दीत कोणीतरी पेला पुढे केला आणि जन्माच्या सवयीने अण्णांनी बोट बुडवून जिभेला लावलं. चव घशाखाली उतरली तेव्हा कळलं. त्यांनी चूळ भरली, पुन्हा भरली आणि पिंप तसंच टाकून घर गाठलं.

"गिळलीत?" जमनाबाईने विचारलं.

"थेंबभर."

"मग थेंबभर माफी मागा. देवीही आईच आहे, तिला कळतं."

पण अण्णा जेवेनात. तेव्हा भाग्यलक्ष्मी भिंतीला हात देत उठली आणि शेजारी येऊन बसली.

"अप्पा, मागच्या दोन्ही खेपेला सगळे म्हणायचे, काही होत नाही. मी एकटीच भीत होते. यंदा तुम्ही कपाळ दाबत बसलात की वाटायचं, माझ्याबरोबर कोणीतरी भितंय. मग मला झोप लागायची. आता बाळाचं काय व्हायचं ते होवो, त्या थेंबावर ढकलायचं नाही. सरी ना, कबूल?"

अण्णांनी मान हलवली. चार घास खाल्ले. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या वासात जाऊन बसले, न पिता.

दसऱ्याच्या सुमाराला एका सकाळी आतून रडणं ऐकू आलं. मुलगी झाली होती, नवस फिटला होता. जमनाबाईने डोळे पुसत फेसाळ पेला आणून दिला. अण्णांनी तो दोन्ही हातांत धरला, डोळे मिटून वास घेतला. आत सुइणीने बाळाला आईच्या छातीशी नेलं होतं, पण ते अजून दूध ओढत नव्हतं, नुसतंच तोंड फिरवत होतं. अण्णांनी पेला कट्ट्यावर ठेवला.

"अहो, कॉफी निवेल," जमनाबाई म्हणाली.

"निवू दे. आधी नातीला पिऊ दे, मग मी."