दहावी चकती

पाच रुपयांच्या नाण्याएवढी चिनी मातीची पांढरी चकती, आत बारीक बारीक छिद्रं. तिच्यावर धातू आणि सेंद्रिय रेणूंच्या जाळीचा पातळ थर वाढवायचा. त्यातून एक वायू पार जावा, दुसरा अडावा. थर डोळ्यांना दिसत नाही. कोरी आणि थर दिलेली चकती सारखीच. नागपूरच्या प्रयोगशाळेत मी वर्षभर एवढंच केलं. आठ थर वाळताना तडकले, नववा टिकला. माझी पीएचडी त्याच्यावर अडली होती. चाचणी भोपाळला होती. वाटेत पांढुर्ण्याला घरी उतरायची खरं तर गरज नव्हती, पण बाबांना दाखवायची हौस होती.

बाबा निवृत्त शिक्षक. गल्लीत त्यांचा मान मात्र कानामुळे. उन्हाळ्यात माठ घ्यायचा असला की शेजारच्या बायका त्यांना बाजारात सोबत नेतात. ते चांदीच्या अंगठीनं माठ ठोकतात आणि कान देतात. त्यांनी निवडलेला माठ कधी गळला नाही.

मी डबी उघडली. ‘हात नका लावू’ म्हणेपर्यंत अंगठी वाजलीसुद्धा.

“याच्यात चीर आहे वं पोरी. आवाज बद्द येऊन राहिला.”

“बाबा, हे मडकं नाही.”

“मातीच आहे ना?”

भोपाळला दोन्ही वायू सरळ पार गेले. सूक्ष्मदर्शकाखाली थरावर एक ओरखडा दिसला, अंगठीच्या कडेसारखा वाकडा. मला भयंकर राग आला, त्यांचा कमी आणि माझाच जास्त. घरी फोन केला तर त्यांनीच आधी विचारलं, “निघाली ना चीर?”

“हो बाबा. निघाली.”

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं.

दहावा थर जमायला चार महिने गेले. भोपाळला जाताना पुन्हा उतरले. बाबा हात धुऊन वाट पाहत बसले होते. मी चकती दिली. त्यांनी ठोकली, डोळे मिटून ऐकलं.

“हे पक्की आहे. बिनघोर घेऊन जाय.”

ती कोरी होती. थराची चकती बॅगेच्या तळाशी होती. त्यांना फसवताना मला वाईट वाटलं, तरी मी ती बाहेर काढली नाही.

दोन दिवसांनी फोन केला. “बाबा, थर टिकला.”

“मंग? मी म्हटलं होतं ना तुले.”