आमच्या घरचा लांडगा

मी चौथीत असताना आमच्या घरात लांडगा आला. ओंजळीत मावेल एवढा, राखाडी, पोट फुगलेला आणि भलताच वास मारणारा. शिरड शहापूरच्या शिवारात ऊस तोडणाऱ्या बायांना तो पाचटाखाली सापडला होता. आजूबाजूला ना माय, ना भावंडं. "लांडग्याचं पिल्लू हाय," असं म्हणत त्यांनी तो फडक्यात गुंडाळून गुरांच्या दवाखान्यात आणून दिला. बाबा तिथं ड्रेसर होते, जनावरांच्या जखमा धुणारे-बांधणारे. डॉक्टर आठवड्यातून दोनच दिवस यायचे, त्यामुळं बाकीचे दिवस गावाच्या लेखी बाबाच डॉक्टर. बाबांनाही ते मान्य होतं.

संध्याकाळी बाबा सायकलवरून उतरले तेव्हा त्यांच्या शर्टाच्या आत काहीतरी हलत होतं. मायनं पोळपाट तसाच ठेवला.

"काय हाय ते?"

"लांडगा."

"घरात लांडगा आणणारा माणूस मी पहिल्यांदा पाहून राहिले."

"पहिल्यांदा न्हाई," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. "लई जुनी गोष्ट हाय ही."

डॉक्टरांनी दवाखान्यात ठेवलेलं जनावरांवरचं एक जाड पुस्तक बाबांनी वाचायला म्हणून घरी आणलं होतं, त्याला तोवर दोन वर्षं झाली होती. त्यात कुत्रा कुठून आला याच्यावर चार पानं होती आणि ती बाबांना जवळजवळ पाठ होती. फक्त सांगायची वेळ कधी आली नव्हती. ती त्या संध्याकाळी आली.

"शेती नव्हती, गाय नव्हती, बकरी नव्हती, तवाची गोष्ट," बाबा सांगू लागले. "माणूस शिकार करून राहिला होता अन् हाडं फेकून राहिला होता. त्या हाडांसाठी लांडगे मागं मागं यायचे. जो लई भ्यायचा तो दुरूनच पळायचा. जो जरा कमी भ्यायचा, त्याला दोन घास जास्त मिळायचे. त्याची पिल्लं आणखी कमी भ्यायची. असं करत करत एक दिवस तो येऊन पायापाशी बसला. गाय मागून आली, बकरी मागून आली. पहिला आला तो हा."

हा म्हणजे शर्टातला. तो बाबांच्या शर्टात मुतला होता.

माय उठली. कापसाची जाड वात करून तिनं ती दुधात बुडवली आणि पिल्लाच्या तोंडात दिली. तो असा चुटूचुटू ओढू लागला की मला हसू फुटलं. माय मात्र हसली नाही. ती अजून त्या चार पानांतच होती.

"माणसानं लांडगा माणसाळवला म्हणता," ती म्हणाली. "पर गडी तर दिवसभर शिकारीला. मंग ह्याच्या पिल्लाला दूध कोण पाजून राहिलं होतं?"

बाबांनी पुस्तक उघडलं, पानं पुढंमागं केली आणि मिटलं.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीत रीघ लागली. लोक लांडगा बघायला यायचे आणि कुत्रा आहे का लांडगा यावर भांडून जायचे. पंचाईत अशी, की पिल्लू दोन्ही बाजूंनी साक्ष देत होतं. डोळे पिवळट, पाय लांब. पण कान! महिनाभरात त्याचा डावा कान ताठ उभा राहिला आणि उजवा मधोमध मोडून खाली पडला. पुस्तकात लांडग्याचे कान उभे, असं स्पष्ट लिहिलं होतं. एका कानाचं काय करायचं ते लिहिलं नव्हतं.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक शिंपीचाचा राहायचे. मशीन ओट्यावरच असायची, त्यामुळं गल्लीतली कुठलीच चर्चा त्यांच्यावाचून पार पडत नसे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पिल्लाचे दोन्ही कान टेपनं मोजले.

"भाभी, एक कान जंगल का, एक घर का," त्यांनी निकाल दिला. "जो जीतेगा, सो देखेंगे."

त्यात आणखी एक गोष्ट लांडग्याच्या बाजूनं गेली. पिल्लू भुंकतच नव्हतं. दोन महिने झाले, तीन झाले. भिकारी आला, पोस्टमन आला, गारुडी आला. हा नुसता बघायचा. आणि संध्याकाळी वसमतहून येणाऱ्या एसटीनं फाट्यावर हॉर्न दिला की अंगणाच्या मधोमध बसून, मान वर करून, लांबलचक सूर लावायचा. तो सूर ऐकून पलीकडच्या घरातल्या शेळ्या दावी तोडायला बघायच्या. बाबा मात्र खूश. "ऐका! हाच त्याचा आवाज. लांडगा भुंकत न्हाई, पुस्तकात हाय." एकदा एसटीच्या ड्रायव्हरनं येऊन विचारलं, की रोज कोण रडून राहिलं?

आम्ही सगळे त्याला लांडगाच म्हणत होतो. आधी तो काय आहे ते ठरू दे, मग नाव ठेवू, असं बाबांचं म्हणणं. त्यामुळं नाव ठेवायचं राहूनच गेलं.

आपण त्याला हातही लावत नाही, असं माय सांगायची. पण सकाळी तिची पहिली भाकरी तव्यावरून उतरली की तिचा कडेचा तुकडा आपोआप खाली पडायचा. मी एकदा विचारलं, "माय, रोज कसा काय पडतो गं?" तर म्हणाली, "गप जेव."

मग कोंबडीचं झालं. चाचांची एक तांबडी कोंबडी होती, रोज अंडं देणारी. एका दुपारी लांडगा ती तोंडात धरून अंगणात आला, मायच्या पायापाशी ठेवली आणि बाजूला बसला. कोंबडी मेली नव्हती. उठली, पिसं झटकली आणि शिव्या देत भिंतीवरून पलीकडं गेली. पण त्या दिवसापासून तिनं अंडं देणं बंद केलं. चाचा बाबांना फार काही बोलले नाहीत, नुसते म्हणाले, "भाई, जंगल का कान जीत रहा है." मग पलीकडची शेळ्यावाली बाई आली. ती मात्र बोलली, आणि भरपूर बोलली. आज कोंबडी, उद्या करडू, परवा लेकरू, असं तिचं म्हणणं. गल्ली जमा झाली. बाबांचा एवढासा चेहरा झाला.

रविवारी सकाळी त्यांनी लांडग्याला पोत्यात घातलं, नाक बाहेर ठेवून पोत्याचं तोंड बांधलं आणि पोतं सायकलच्या कॅरियरला आवळलं. औंढ्याच्या बाजूला मोठा माळ होता, झुडपं होती, ससे होते. तिथं तो जगेल, असं बाबा म्हणाले. मी रडरड रडले. माय बाहेर आली नाही. आत भांडी घासत होती, आणि ती आधीच घासलेली होती हे मला ठाऊक होतं.

पुढचं बाबांनी नंतर कितीदा तरी सांगितलं. माळावर त्यांनी पोतं उघडलं. लांडगा बाहेर आला, अंग झाडलं, चार दिशांना नाक फिरवलं. एक ससा समोरून गेला तरी त्यानं नुसतं बघितलं. बाबा म्हणाले, "जा." तो गेला नाही. मग बाबांनी खडा उचलून बाजूला मारला. तेव्हा तो झुडपात शिरला आणि बाबा डोळे पुसत सायकलवर बसले. अर्ध्या वाटेत मागचं चाक पंक्चर झालं. सायकल हातात धरून चालत, फाट्यावर पंक्चर काढून, दोन चहा पिऊन त्यांना घरी यायला दुपार टळली.

आणि आमच्याकडं त्याच्या तासभर आधीच लांडगा येऊन बसला होता. अंगावर गोखरूचे काटे, जीभ हातभर बाहेर. कोणाकडं न बघता तो सरळ उंबऱ्यावर आडवा झाला. मायनं पाण्याचं घमेलं पुढं ठेवलं आणि या वेळी भाकरी पडू दिली नाही. बसून हातानं चारली.

बाबा गल्लीच्या तोंडाशी दिसले. धुळीनं पांढरे झालेले, डोक्याला रुमाल गुंडाळलेला. लांडगा उठला. त्याचं अंग ताठ झालं. आणि तो भुंकला.

आधी एकदाच. आपल्याच आवाजानं तो इतका दचकला की त्यानं मागं वळून बघितलं, कोण भुंकलं ते. मग पुन्हा भुंकला, आणि मग थांबेचना. बाबा पुढं पाऊल टाकतील तर हा दात दाखवायचा. चाचांची मशीन थांबली. शेळ्यावाली बाई बाहेर आली. सगळ्या गल्लीसमोर बाबा स्वतःच्या घराबाहेर सायकल धरून उभे.

"अवं, याला सांग ना, मी हाव म्हणून!"

"वळखलंय त्यानं बराबर," माय म्हणाली. "म्हणूनच भुंकून राहिला."

चाचा हसता हसता मशीनवर आडवे झाले. शेळ्यावाल्या बाईलाही हसू आवरेना, आणि हसलेल्या माणसाला पुन्हा भांडता येत नाही, तसं तिचं झालं. शेवटी मायनं लांडग्याची मानगूट धरली तेव्हा बाबा घरात आले. पुढं चार दिवस तो बाबांच्या सायकलजवळ गेला नाही.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर एक धनगर मेंढरं घेऊन गावाबाहेरच्या वावरात बसला. दर वर्षी यायचा. त्याच्या एका मेंढीच्या पायाला पट्टी बांधायला बाबा गेले, तर लांडगाही मागून गेला आणि मी त्याच्या मागून. धनगरानं लांडग्याकडं बघितलं, मग स्वतःच्या म्हाताऱ्या राखाडी कुत्रीकडं बघितलं. तिचा उजवा कान मधून मोडलेला होता.

"डॉक्टर, ह्यो कुठं घावला तुमाला?"

बाबांनी उसाचं सांगितलं. धनगर मोठ्यानं हसला. "माझ्याच कुत्रीचा हाय की. आमी निघालो तवा तिची पिल्लं तिकडंच व्हती, एक ऱ्हाऊन गेलं."

बाबांचा चेहरा पडला. एवढे महिने चार पानांवर बोलून झालं होतं. त्यांनी हळूच विचारलं, "अन् बाप?"

"ते तिलाच ठावं. आमी माळावरच असतो, डॉक्टर. तिकडं लांडगे बी असतेत."

एवढ्यावर बाबांची तब्येत सुधारली.

धनगरानं कुत्रा परत मागितला. मायपर्यंत ही बातमी पोचली तेव्हा ती पदर खोचून वावरात आली. "विसरून गेला तवा आठवण न्हाई आली का?" तिनं विचारलं. धनगर समजुतीनं म्हणाला, "माय, आपुन काहून भांडावं? उद्या मेंढरं हलतेत. त्याला वाटलं तर यील."

आणि तो गेला. दुसऱ्या दिवशी मेंढरांच्या कडेकडेनं, जन्मभर तेच केल्यासारखा, पुसेगावच्या रस्त्यानं गेला. दोन दिवस मायच्या पहिल्या भाकरीचा तुकडा खाली पडून तसाच राहिला. पाचव्या दिवशी तो परत आला, मेंढ्यांचा वास घेऊन, आणि पाण्याच्या घमेल्यापाशी उभा राहिला. पुढं दर वर्षी हेच. धनगर आला की हा चार-पाच दिवस नोकरीला जायचा आणि परत यायचा. चाचा म्हणायचे, बदलीवर गेलाय.

मध्ये आमचा जिल्हा परभणीचा हिंगोली झाला. मी बारावीला वसमतला गेले. सुट्टीत घरी आले तर लांडग्याचं तोंड पांढरं झालेलं आणि चालताना मागचे पाय ओढत होता. त्या वर्षी धनगर आला तेव्हा तो उठला नाही. मग धनगरच आमच्या अंगणात आला. मायनं त्याला चहा दिला.

"औंदा येत न्हाई व्हय?"

"पाय दुखतेत त्याचे," माय म्हणाली.

धनगर त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसला. मग त्यानं घोंगडीच्या ओच्यातून एक पिल्लू काढून जमिनीवर ठेवलं, काळं, गुबगुबीत. ते सरळ मायच्या चहाच्या बशीत तोंड घालून बसलं. दोन्ही कान खाली पडलेले.

"हे मातर कुत्रंच हाय," धनगर म्हणाला.

बाबा आतून पुस्तक घेऊन बाहेर आले होते. त्यांनी पिल्लाला उचलून उजेडात धरलं आणि म्हणाले, "मोठं झाल्याबिगर सांगता येत न्हाई."