पाहुण्याची निरगाठ

माझ्या मामाला घरात सगळे पाहुणा म्हणायचे. विशीत असल्यापासून तो "या वर्षी निघतोच" म्हणत होता आणि चाळिशी आली तरी तबेल्यात घोड्यांचे खूर तासत बसला होता. कपड्यांची भरलेली पिशवी कायम दाराआड खुंटीला. "पाहुण्यांना आधी चहा द्या, त्यांना निघायचंय," असं माझी आई, म्हणजे त्याची थोरली बहीण, रोज सकाळी म्हणायची आणि तोही हसायचा.

आमची जागा नदीकाठी. अठरा घोडे आणि सुट्ट्यांत मुलांचं शिबिर. कारभार आबांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, स्वयंपाकघर आईचं, घोड्यांच्या पायांचं सगळं मामाकडे. नाल ठोकण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि आबांना ते पक्कं ठाऊक होतं. जाऊ नकोस असं ते कधीच म्हणाले नाहीत. "एवढं शिबिर उरकू दे," म्हणायचे. "घोडी व्याली की जा." सरळ नाही म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं.

शेवटी शहरातल्या एका घोडेस्वारीच्या शाळेने मामाला नालबंद म्हणून बोलावलं. या वेळी त्याने खरोखरच तिकीट काढलं.

आमच्याकडे एक नियम आहे आणि तो शिबिराच्या पहिल्याच दिवशी मुलांना शिकवतात. घोडा कडीला बांधायचा तो सुरगाठीने. टोक ओढलं की दावं सुटलं पाहिजे. निरगाठ मारली आणि घोडा बिथरला, तर ती अशी आवळते की सोडवता सुटत नाही. पण चोरटी नावाची आमची घोडी सुरगाठीचं टोक दातांत धरून स्वतःच सुटायची आणि आईचा भाजीचा वाफा फस्त करायची. निघायच्या आदल्या संध्याकाळी मामाने तिला निरगाठ मारली. जाता जाता बहिणीची बोलणी नकोत, एवढाच त्याचा विचार.

पहाटे नदी तबेल्यात शिरली. मामा सुटलेले घोडे टेकाडाकडे हाकत होता आणि आबा कमरेएवढ्या पाण्यात एकेक टोक ओढत होते. सतरा घोडे सुटले. चोरटीची गाठ सुटेना. आबा आधी बोटांनी झगडले, मग दातांनी. घोडीने जीव खाऊन हिसका दिला, कडी भिंतीतून उखडून निघाली, घोडी वाचली. आबांचा उजवा हात मात्र दाव्यात अडकून खांबावर चिरडला. दोन बोटं गेली. उरलेली वळत नाहीत.

"गाठ मीच मारली होती," आबांनी डॉक्टरांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं. "म्हातारचळ, दुसरं काय!"

मामाचं तिकीट वाया गेलं. त्यानंतर सहा महिने आम्ही चिखल उपसत होतो. खोगिरांत चिखल, मुलांच्या गाद्यांत चिखल, पिठाच्या डब्यात चिखल. एक दिवस खोगीर घासता घासता मामा मला म्हणाला, "ती गाठ माझी होती गं."

"मग सांग ना आबांना!"

"त्यांना खरंच वाटतंय की त्यांनीच मारली. अशा माणसाला टाकून कसा जाऊ?"

शाळेने दुसऱ्यांदा कळवलं होतं: महिनाअखेरपर्यंत या, नाहीतर दुसरा माणूस घेऊ. महिन्याचा शेवटचा दिवस आणि नव्या शिबिराचा पहिला दिवस नेमका एकच निघाला. बस दुपारी दोनची होती.

त्या दुपारी, जेवणं आटोपल्यावर, तीस मुलं नव्या कुंपणापाशी रांगेत बसली होती. आबांनी आपला हात वर करून दाखवला. "हे बघा. एका म्हाताऱ्याने निरगाठ मारली, त्याचं हे बक्षीस."

मुलं हसली. मामा चोरटीचा पाय मांडीवर घेऊन नाल बसवत होता. त्याने पाय खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "आबा, ती गाठ तुमची नव्हती. मी मारली होती."

आबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मला माहीत आहे. तुझी गाठ मला ओळखू येत नाही होय?"

"मग इतके दिवस..."

"खरं बोललो असतो तर तुला चार शिव्या दिल्या असत्या. तू चार दिवस रडला असतास आणि गेला असतास. आता सांगितलंस ना? जा. दोनची बस आहे."

मला आबांचा इतका राग आला की मी स्वतःच धावत जाऊन मामाची पिशवी आणून त्याच्या हातात दिली. आजही तो राग गेलेला नाही. मामाने पिशवी खांद्याला लावली आणि तो फाटकापर्यंत गेला. मी मागोमाग होते.

मागे आबा मुलांना गाठ दाखवत होते. तीन बोटांतून दावं निसटलं. त्यांनी पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. एक मुलगी उठली आणि म्हणाली, "आजोबा, द्या, मी करते."

मामा वळला. "चोरटीचा चौथा नाल राहिलाय," तो मला म्हणाला. "अर्धवट पायाने घोडी लंगडेल. तेवढा ठोकून येतो."

"मामा, पावणेदोन वाजलेत."

"तेवढा एकच गं."

त्याने पिशवी फाटकाच्या खुंटाला अडकवली. नाल त्याने नेहमीसारखा सुरेख बसवला, अगदी सावकाश. बस वळणावर हॉर्न देऊन गेली तेव्हा तो खिळ्याचं टोक मोडत होता. त्याने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने त्याच्यासमोर चहा ठेवला, काहीच न बोलता. तेव्हापासून त्याला घरात कुणीही पाहुणा म्हणत नाही.