हे नाव नोंदलेलं आहे

ऑपबाई कुणाला नमस्कार करत नसत. नवा माणूस चॅटवरच्या आमच्या चॅनेलवर आला, की बाकीचे ‘ये रे’, ‘कुठला तू’, ‘जेवलास का’ असं काहीबाही लिहायचे. बाईंची ओळ ठरलेली : “नाव नोंदवलंस का?” उत्तर आलं नाही, तर पाच मिनिटांत तो माणूस बाहेर. मीही असाच बाहेर गेलो होतो. तेव्हा मी कॉलेजात होतो, शहाडला राहत होतो आणि सायबर कॅफेत बसून ‘शहाडचा वाघ’ या नावाने पहिल्यांदाच चॅटवर आलो होतो. बाईंनी विचारलं, “वाघाला पासवर्ड आहे का?” मी नुसतं हसण्याचं चिन्ह टाकलं. पुढच्या क्षणी मला हाकलल्याची सूचना पडद्यावर आली. तिच्यापुढे कारण लिहिलं होतं, “बेवारस.”

तेव्हाच्या त्या चॅटवर फोटो नव्हता, आवाज नव्हता, फोन नंबरही लागत नव्हता. माणूस म्हणजे त्याचं टोपणनाव, त्याचा निक. नेटवर्कवरच्या बॉटला, म्हणजे आपोआप उत्तरं देणाऱ्या प्रोग्रॅमला, पासवर्ड देऊन तो नोंदवता यायचा. मग दुसरं कुणी ते नाव लावून आलं, की बॉट त्याला बजावायचा : हे नाव नोंदलेलं आहे, मिनिटभरात पासवर्ड दे, नाहीतर तुझं नाव बदलेन. नोंदवायला फुकट होतं, दोन ओळींचं काम होतं, तरी लोक कंटाळा करायचे. त्या कंटाळ्याची बाईंना मनापासून चीड होती. आमचं मराठी चॅनेल त्यांनीच उघडलेलं, त्याच्या ऑपरेटर त्याच, म्हणून ऑपबाई. त्यांचा स्वतःचा निक होता ‘कुंदा’.

पासवर्ड कसा असावा यावर त्या दर आठवड्याला कुणाला तरी झापायच्या. “आईचं नाव नको, जन्मतारीख नको, कुत्र्याचं नाव नको. घरच्या माणसाला ठाऊक असलेलं काहीही नको. बाहेरचा चोर नंतर येतो.” आम्हाला हे अती वाटायचं. मग माजिवड्याच्या अबोलीचं प्रकरण झालं. अबोली हा तिचा निक. एका दुपारी ती आली आणि सगळ्यांना काहीतरी घाण लिहू लागली. बाईंनी दोन ओळी वाचल्या आणि तिला हाकललं. “ही अबोली नाही. अबोली प्रश्नचिन्हाच्या आधी जागा सोडत नाही,” असं लिहून त्यांनी खऱ्या अबोलीला घरी फोन लावला. लग्न ठरलेल्या मुलाने विश्वासाची परीक्षा म्हणून तिचा पासवर्ड मागून घेतला होता. पोरगी फोनवर रडायला लागली, तरी बाई विरघळल्या नाहीत. “रडणं नंतर. आधी पासवर्ड बदल, मी फोन धरून थांबते.” त्या खरोखरच थांबल्या. अबोलीचं लग्न पुढे त्याच मुलाशी झालं, पण पासवर्ड त्याला परत मिळाला नाही, असं ती अजून सांगते.

बाईंना प्रत्यक्ष पाहिलं ते त्यानंतर वर्षभराने, डोंबिवलीत त्यांच्या घरी. पन्नाशीला टेकलेल्या, काटकुळ्या, जाड चष्म्याच्या. कोलशेतच्या एका कारखान्यात ड्रॉइंग विभागात नोकरी. दारावरच्या पाटीवर सौ. वैशाली असं नाव होतं. मला वाटलं घर चुकलं. बाईंनी दार उघडलं आणि माझी नजर कुठे आहे हे त्यांना कळलं.

“ते मिस्टरांनी ठेवलेलं,” त्या म्हणाल्या. “लग्नात ताटात तांदूळ पसरले, त्यांनी अंगठीने लिहिलं. मी वाकून वाचलं, तेव्हा मला कळलं माझं नाव काय आहे.”

आतल्या खोलीत त्यांचे यजमान पेपर वाचत होते. भला माणूस. उठून पाणी घेऊन आले. बाई त्यांच्यादेखतच पुढे बोलत राहिल्या. शाळेच्या दाखल्यावर कुंदा, रेशनकार्डावर वैशाली. नोकरीत कायम होताना, पासपोर्ट काढताना, आई गेल्यावर माहेरच्या कागदांवर सही करताना दर वेळी स्टँपपेपरवर लिहून द्यावं लागलं, की या दोन बायका एकच आहेत. “मी जिवंत समोर उभी असते आणि कारकून विचारतो, या कुंदा कोण तुमच्या?” शेवटी कारखान्यात संगणक आले, इंटरनेट आलं आणि या चॅटवर त्यांना विचारलं गेलं, तुम्हाला कोणतं नाव हवंय. “आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी विचारलं. तेही यंत्राने.”

त्यानंतर मी बाईंना घाबरणं सोडलं. त्यांच्या चिडण्याचा मला आधार वाटू लागला.

सहा-सात वर्षं अशी गेली. मग बाईंच्या मणक्याचं ऑपरेशन निघालं. ठाण्याच्या हॉस्पिटलात मी भेटायला गेलो, तेव्हा त्या उताण्या पडल्या होत्या. डॉक्टरांनी चार-पाच महिने बसायचं नाही असं सांगितलं होतं. नेटवर्कचा नियम असा, की तीन महिने नाव वापरलं नाही तर ते मोकळं होतं, कुणीही घ्यावं. बाईंनी यजमानांना चहा प्यायला खाली पाठवलं आणि मला जवळ बोलावलं.

“लिहू नकोस, पाठ कर,” असं म्हणून त्यांनी मला पासवर्ड सांगितला. “पंधरा दिवसांतून एकदा आत जायचं, पासवर्ड द्यायचा, बाहेर यायचं.”

“बाई, काळजी करू नका.”

“काळजी करणारच. पण तुला सांगतेय.”

दोनदा गेलो मी. मग माझी नोकरी बदलली, घरात बहिणीचं लग्न निघालं. बॉटला एक ओळ लिहायला अर्धं मिनिट लागतं. त्या काळात मी मोबाइलवर क्रिकेटचे स्कोअर दिवसातून तीसदा बघत होतो. मला ते अर्धं मिनिट मिळालं नाही असं नाही, मी विसरलो. या शब्दाला दुसरा चांगला शब्द मी बरीच वर्षं शोधला आणि तो नाही.

‘मिश्कील’ नावाचा एक गृहस्थ चॅनेलवर होता. सगळ्यांचा लाडका. बायकांशी द्व्यर्थी बोलायचा म्हणून बाईंनी त्याला तीनदा हाकललेलं. तो वाटच बघत असावा. ज्या दिवशी ‘कुंदा’ मोकळं झालं, त्याच दिवशी त्याने ते स्वतःच्या पासवर्डावर नोंदवलं. नावाबरोबर चॅनेलची मालकीही सुटली होती, तीही घेतली. मग कुंदा होऊन तो बोलू लागला : मी कुंदा, आजारातून उठले, आजवर फार चिडचिड केली, सगळ्यांनी माफ करा. पुरुषांना डोळे मारणारी चिन्हं टाकू लागला. आणि चॅनेलवरचे लोक, ज्यांची नावं बाईंनी एकेक करून नोंदवून घेतली होती ते लोक, हे कोण आहे ते पुरतं जाणून होते. ते हसले. एकाने लिहिलं, “नवी कुंदा बरी आहे, चिडत नाही.” अबोलीने भांडण काढलं, तर त्याने तिला बाहेर घालवलं. हे सारं तिने मला नंतर छापून दाखवलं. ती पानं वाचताना माझ्या कानशिलात जे तापलं ते आजही पुरतं थंड झालेलं नाही.

पाच महिन्यांनी बाई कमरेला पट्टा बांधून संगणकापुढे बसल्या. बॉटने त्यांचा पासवर्ड नाकारला आणि त्यांना ‘पाहुणा’ आणि पुढे चार आकडे असं नाव दिलं. त्या तशाच चॅनेलवर गेल्या आणि लिहिलं, “मी कुंदा आहे.” कुणीतरी पुरावा मागितला. मग पडद्यावर सूचना आली, की कुंदाने पाहुण्याला बाहेर काढलं आहे.

नेटवर्कच्या मदतकक्षात त्यांनी दाद मागितली. तिथल्या कार्यकर्त्याने कळवलं, की नियमाप्रमाणे नाव सुटलेलं आहे आणि ‘कुंदा१’ उपलब्ध आहे. बाईंनी आठ-दहा वर्षांची जुनी संभाषणं जोडून पुन्हा अर्ज केला. उत्तर तेच आलं, फक्त या वेळी खाली शुभेच्छा होत्या.

मग त्यांनी मला फोन केला. “शेवटचा कधी गेला होतास?”

“बाई, मध्ये नेट बंद होतं घरी.”

“किती दिवस?”

“महिना... जास्तच.”

“बरं,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी मिश्कीलला शोधून काढलं. अबोलीकडे त्याचा जुना नंबर होता. ठाण्यात बऱ्या हुद्द्यावर नोकरी, घरात देव्हारा, कपाळाला गंध. माझं म्हणणं ऐकून तो खरंच गोंधळला. “अहो, गंमत होती ती. नावच तर होतं एक.” मी म्हटलं, पासवर्ड द्या. “तो आता कुठे आठवतोय? कंटाळा आला, सोडून दिलं मी ते.” ज्याच्यासाठी एक बाई पट्टा बांधून दिवसचे दिवस अर्ज लिहीत होती, ते याने कंटाळून टाकून दिलं होतं. मी त्याच्यावर हात उचलला नाही याचा मला अजून पश्चात्ताप होतो.

पण त्याने सोडलं म्हणजे नाव पुन्हा मोकळं होणार होतं. मी रोज बघत राहिलो. या वेळी एक दिवस चुकलो नाही. एका सकाळी बॉटने नाव अडवलं नाही. मी ‘कुंदा’ नोंदवलं, त्याच नावावर चॅनेल परत घेतलं आणि त्या रविवारी पासवर्ड घेऊन डोंबिवली गाठली. मला वाटत होतं, मी काहीतरी परत आणलंय.

बाईंनी कागद घेतला, चष्मा लावला, माझ्यासमोर संगणक चालू केला. आत गेल्या. चॅनेलवर अकरा माणसं होती. ‘कुंदा’ दिसताच त्यांतल्या एकाने लिहिलं, “आली बघा, आज मूड काय?” आधी बॉटला सांगून बाईंनी चॅनेलची नोंद रद्द केली. मग आणखी एक ओळ लिहायला घेतली. ती कशासाठी आहे ते मला कळलं.

“बाई, नाव पण? कुणीतरी परत घेईल ते.”

“घेऊ दे. आता ते मी टाकलेलं असेल. हिसकावलेलं नाही.”

त्यांनी कळ दाबली. बॉटने नोंद रद्द झाल्याचं कळवलं. बाईंनी संगणक बंद केला, पट्टा सैल केला आणि पडद्याकडे बघतच म्हणाल्या, “तुझं नेट बंद नव्हतं.”

“नाही, बाई.”

“विसरलास.”

“हो.”

“तेव्हाच सांगितलं असतंस तर मी शिव्या घातल्या असत्या.” एवढंच. यजमानांनी चहा आणला, तो मी प्यायलो. बाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या.

पुढच्या दिवाळीत मी त्यांना फोन केला. माझा आवाज त्यांनी पहिल्या शब्दाला ओळखला, हे मला त्यांच्या श्वासावरून कळलं. पहिल्या दिवसापासून त्या मला अरे-तुरे करत आल्या होत्या, हाकलतानासुद्धा. मी म्हटलं, “बाई, मी बोलतोय.”

“बोला,” त्या म्हणाल्या. “आपण कोण?”