देवाला सोडलेला मेंढा

कुरवंड्याच्या नथूभाऊंची कोकरं पावसात जन्मायची आणि पावसातच मरायची. मागच्या श्रावणात एकही वाचलं नाही. तेव्हा मेंढ्या कोंडायच्या वाडग्याशी उभा राहून त्यांचा मुलगा आदिनाथ म्हणाला, "आबा, येत्या दिवाळीला वाडग्यात कोकरं दिसली न्हाईत, तर कळप विकायचा."

मेंढ्या राखण्यावाचून नथूभाऊंनी जन्मात दुसरं काही केलं नव्हतं.

जनावरांच्या डॉक्टरांनी उपाय सांगितला. कळपातल्या दोन नरांपैकी एका मेंढ्याची नसबंदी करायची. ज्येष्ठापर्यंत दोघांना वेगळं बांधायचं, मग आधी तो कळपात सोडायचा. त्याच्यामुळे मेंढ्या एकदमच माजावर येतात, पण गाभण राहत नाहीत. मग त्याला काढून चांगला मेंढा सोडायचा. ज्येष्ठात हे जमलं, की कोकरं पाऊस सरल्यावर, दिवाळीच्या सुमारास. फाल्गुनात नसबंदी झाली. ओळखायला डॉक्टरांनी त्या मेंढ्याच्या कानाला खाच पाडली.

घरी लीलाबाईंनी नवऱ्याला विचारलं, "अवो, ह्येचा कान कुनी कापला?"

ओट्यावर शेजारचे रखमाजी बसले होते. "कान टोचलं आसतील," ते हसले. "आता बारसं बी करून टाका!"

रखमाजींना कळलं तर गावभर होणार. मेंढ्यावरून धन्याची चेष्टा सुरू होणार. नथूभाऊ पटकन म्हणाले, "देवाला सोडलाय."

देवाला सोडलेलं जनावर त्या घरात कापत नाहीत, विकत नाहीत. लीलाबाईंनी मेंढ्याच्या कपाळाला हळद लावली. खरं काय ते तिला नंतर सांगू, असं नथूभाऊंनी ठरवलं.

त्याच आठवड्यात ते कड्याखालच्या वाटेवर घसरले. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि इंदुरीला बहिणीकडे अंथरूण पडलं. चैत्रात गावची जत्रा आली. यंदा बळीचा मेंढा द्यायची पाळी त्यांच्याच घराची होती. लीलाबाईंनी देवाचा मेंढा मागं ठेवला, दुसरा दिला. दवाखान्याच्या धावपळीत ते नवऱ्याला सांगायचं राहून गेलं.

ज्येष्ठात नथूभाऊंनी लीलाबाईंना फोन केला. डॉक्टरांची रीत यंदा राहू दे, चांगला मेंढा सोडला तरी पुष्कळ, असं त्यांना वाटत होतं.

"मेंढा सोडला का कळपात?"

"सोडलाय की. लय गुणाचा हाय. एक मेंढी सोडीत न्हाई!"

कितीतरी दिवसांनी नथूभाऊ हसले.

गणपतीनंतर ते काठी टेकत घरी आले. वाडग्यात एकच मेंढा होता. कानाला खाच होती.

"दुसरा कुटंय?"

"जत्रंला दिला की. देवाचा कसा देनार?"

नथूभाऊ खाली बसले. कोकरांसाठी धुतलेली गोणपाटं कुंपणावर वाळत होती. लीलाबाई एका मेंढीच्या पोटावरून हात फिरवत होत्या.

"भरलीय बगा."

"व्हय," नथूभाऊ म्हणाले.

आज सांगू, उद्या सांगू असं करता करता दिवाळी आली. एकही मेंढी व्याली नाही. आदिनाथ टेम्पो घेऊन आला. बापाकडे त्याने पाहिलं नाही. मेंढ्या एकीमागे एक चढल्या. मेंढ्याला दोर लावला तशा लीलाबाई आडव्या आल्या.

"ह्यो न्हाई. देवाचा हाय. ह्यो हाय तवर कळप पुन्यांदा हुईल."

आदिनाथने दोर सोडला. नथूभाऊंनी तो गुंडाळून ठेवला.

टेम्पो वळणाआड गेला. मेंढा रिकाम्या वाडग्यात जमीन हुंगत फिरत राहिला. लीलाबाई हळदीची वाटी आणायला आत गेल्या.