डावं चाक तापलं होतं

पोळा नुकताच झाला होता. सकाळच्या पहिल्या बसमधून माझा धाकटा भाऊ सुरेश तामसीच्या फाट्यावर उतरला, तेव्हा मी वांग्याच्या वाफ्यात होते. त्याच्या हातात पिशवी नव्हती. आदिलाबादहून येताना सुरेश कधी रिकाम्या हाताने येत नसे, बाबाच येऊ देत नसत. तो बांधावर येऊन उभा राहिला. शेवटी मीच विचारलं, "बाबा?" त्याने नुसती मान हलवली... झोपेतच गेले, हे त्याने मग बसमध्ये सांगितलं. आता भेटायला येणारी माणसं ओसरली आहेत. बाबांबद्दल लिहायला बसले, तर त्यांच्या चेहऱ्याआधी मला त्यांची गाडी आठवते, आणि त्या गाडीपायी आमच्या घरात आलेलं ते एक वर्ष.

बाबा आदिलाबादच्या बाजारातले भाजीचे व्यापारी. वांगी, टमाटे, सांबार म्हणजे कोथिंबीर, मंचेरियलच्या कोळसापट्ट्यात पाठवायचे. बरीच वर्षं भाड्याच्या गाड्यांवर काढल्यावर त्यांनी एक लहान ट्रक घेतला. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक होते, आमच्याकडे तेव्हा ते नवलाचंच. लोखंडी चिमट्यासारखा कॅलिपर चाकाची चकती दोन्ही बाजूंनी धरतो आणि गाडी थांबते, हे बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला वाकून दाखवायचे. गाडी चालवायला त्यांनी जावयालाच बोलावलं. माझे यजमान माधवराव लग्नाआधीपासून ट्रक चालवायचे, आणि त्यांच्या हाताचं बाबांना फार कौतुक होतं. आम्ही तामसीहून आदिलाबादला खोली घेऊन राहायला आलो.

गाडी जुनी व्हायला लागली तसं पुढचं डावं चाक तापू लागलं. तेही रोज नाही. घाट उतरून आलं की गाडी डावीकडे ओढायची, जळका वास यायचा, आणि मेकॅनिककडे नेईपर्यंत चाक थंड होऊन बोटानं फिरायचं. त्याने ब्रेकचे पॅड बदलले, कॅलिपर खोलून साफ केला, नवे रबर टाकले. पुन्हा तेच. एके सकाळी मंचेरियलहून गाडी उशिरा आली आणि डाव्या चाकातून धूर निघत होता. बाजारात लिलाव चालू होता; हमाल, अडते, शेतकरी सगळे होते. बाबांचा पारा चढला.

"पाय ब्रेकवरून उचलतच नाई तुमी, माधवराव. गाडी चालवून राह्यले का झोपून राह्यले?"

हे काहीतरी बोलायला गेले. बाबा ऐकायला तयार नव्हते. "नवे पॅड मी टाकतो अन् तुमी जाळता. डायवर म्हणून मिरवता कायले मंग?"

मल्लय्या नावाचा आमचा जुना हमाल मध्ये पडला, "सावकार, जाने दो," म्हणाला. पण शब्द तोंडातून गेला होता. यांनी किल्ली वजनकाट्यावर ठेवली, म्हणाले, "मामाजी, तुमची गाडी तुमी सांभाळा," आणि निघाले. आठवड्याच्या आत आम्ही खोली सोडली. तामसीच्या बसमध्ये यांनी मला एकच गोष्ट सांगितली. "पाय माहा असता तर दोन्ही चाकं तापली असती, कमल. एकच काऊन तापते?" मी म्हटलं, हे तिथं सांगायचं होतं. चारचौघांत अपमान झाल्यावर चाकाचा हिशेब कोण सांगत बसतो...

त्यानंतर वर्षभर यांनी आदिलाबादच्या घराची पायरी चढली नाही, आणि मला जायला कधी मनाईही केली नाही. त्या न बोलण्याचंच ओझं जास्त होतं. माहेरी गेले की बाबा जावयाचं नाव काढत नसत, इथे हे बाबांचं.

पुढच्या हिवाळ्यात आई आजारी पडली आणि बाबा मला न्यायला स्वतः गाडी घेऊन आले. यांनी "या" म्हटलं आणि गोठ्याकडे निघून गेले. आम्ही निघालो. गाडी रिकामी, रस्ता सपाट. वाटेत गुरांचा कळप आडवा आला, तेव्हा बाबांनी जोरात ब्रेक दाबला. पुढे गाडी जडच चालू लागली. मी म्हटलं, "बाबा, जळका वास येऊन राह्यला."

बाबांनी ऐकलं. मग मला म्हणाले, "माहे पाय कुठी हायेत, पाहून घे बरं." मी वाकून पाहिलं. ब्रेकवर पाय नव्हता.

त्यांनी गाडी बाजूला घेतली. डाव्या चाकाजवळ उपडा हात नेला आणि झटकन मागे घेतला. उजव्या चाकाला हात लावला, ते थंड. पुन्हा डावीकडे आले, पुन्हा उजवीकडे. मग रस्त्याच्या कडेला मैलाच्या दगडावर बसले.

"जावयानं तुले काही सांगितलं होतं का याचं?"

"पाय असता तर दोन्ही तापली असती, म्हणत होते."

बाबा चाकाकडे पाहत बसून राहिले. ब्रेकवर पाय नसताना चाक तापलं, हे आम्हा दोघांशिवाय कोणीच पाहिलं नव्हतं. आदिलाबाद पुढे होतं, तिथे मेकॅनिक होता, आई वाट पाहत होती. चाक थंड झाल्यावर बाबा उठले. "तुह्या मायजवळ सुरेश हाय," एवढंच बोलले आणि गाडी वळवून पुन्हा तामसीच्या रस्त्याला लावली.

आमच्या अंगणात त्यांनी स्वतः जॅक लावून डावं चाक उचललं. हे घरातच होते, बाहेर आले नाहीत. बाबांनी मला ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं. "दाब. जोरात. आता सोड." मी पाय काढला. बाबांनी दोन्ही हातांनी चाक फिरवून पाहिलं, ते हलेना. पुन्हा "दाब", पुन्हा "सोड". त्या वयात ते मातीत गुडघे टेकून चाकाशी झटत होते. तेवढ्यात हे दारात आले.

"पाय पुरा काढला का?"

"काढला," मी म्हटलं.

यांनी पाना आणला, बाबांच्या शेजारी बसले आणि कॅलिपरवरची निपल, म्हणजे ब्रेकच्या तेलातली हवा काढायचा छोटा स्क्रू, थोडी ढिली केली. तेलाची बारीक चिळकांडी उडाली. "आता फिरवा, मामाजी." बाबांनी हात लावला आणि चाक सुटलं, गरगर फिरायला लागलं.

"कॅलिपर अडकला असता तर तेल सोडून बी चाक सुटलं नसतं," हे म्हणाले. "तो चांगला हाय. तेल दाबानं इकडं येते, पण वापस जाऊन नाई राह्यलं. उजवं चाक मोकळं हाय, मंजे वरून, पायडलकडून वांधा नाई. ह्याच चाकाचा पाईप पाहा लागते."

चाकाकडे येणारा रबरी पाईप बाहेरून धडधाकट दिसत होता. यांनी तो काढून ब्लेडनं उभा चिरला. आतलं रबर सुजून नळी जवळजवळ बंद झाली होती. बाबांनी तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला. नवा पाईप सकाळी आदिलाबादहून आणावा लागणार होता. लेकीच्या घरी मुक्काम करायला बाबा आजवर तयार झाले नव्हते. त्या दिवशी राहिले, आणि जावयाच्या शेजारी बसून ज्वारीची भाकर खाल्ली. बोलणं मात्र पिकापाण्याचंच झालं.

दुसऱ्या दिवशी नवा पाईप बसवून, तेल भरून, हवा काढून आम्ही तिघं निघालो. बाबांनी गाडी घरी न नेता बाजारात नेली. लिलाव अजून चालू होता. ते खाली उतरले आणि त्यांनी तो चिरलेला पाईप वर धरला.

"त्या रोजी मी इथंच बोललो होतो, म्हून इथंच सांगतो. माह्या जावयाचा पाय ब्रेकवर नव्हता. ह्यो पाईप आतून बंद झाला होता. मी न पाहताच बोललो. माहं चुकलं."

मल्लय्यानं पाईप हातात घेऊन आत डोकावून पाहिलं. हे खाली मान घालून उभे होते. आईला पाहायला माहेरी आल्यावर मला म्हणाले, "एवढ्या लोकांत बोलायची काय गरज होती?" आणि बराच वेळ तोंड धूत राहिले.

तरी त्यांनी बाबांची गाडी पुन्हा चालवायला घेतली नाही. पुढे तामसी–आदिलाबाद सवारीसाठी स्वतःची जीप घेतली. राग गेला होता, पण सासऱ्याची नोकरी त्यांना नको होती. बाबांना ते कळलं असावं, कारण त्यांनी गळ घातली नाही. फक्त दसऱ्याला गाडीची पूजा झाली की पहिला फेरा जावयानेच मारायचा. बाबा शेजारी डावीकडे बसायचे. ट्रक विकल्यावर ते दसऱ्याला तामसीला येऊन आमच्या जीपमध्ये बसू लागले. फेरा संपला की हात पुढे करून किल्ली मागायचे, सदऱ्याच्या खिशात टाकायचे आणि म्हणायचे, "आता जेवल्याबिगर कुठी जाऊ नोका." त्या किल्लीवरून दोघे लहान पोरांसारखे हसायचे.

यंदा घरात सण नव्हता. पण जीपवर पोट चालतं, म्हणून यांनी हार घातला, नारळ फोडला, आणि सवयीने आधी डावीकडचं दार उघडलं. ते धरून थोडा वेळ उभे राहिले. मी विचारलं, "मी बसू का?"

"तू मांगं बस," ते म्हणाले.

फाट्यापर्यंत जाऊन आम्ही परत आलो. यांनी गाडी बंद केली, किल्ली काढली आणि समोर पाहतच हात डावीकडे पुढे केला... हात तसाच राहिला. मग मी मागून वाकून किल्ली घेतली.